पाचवा मजला, बटूमी

आमच्या अंगणावरून दोऱ्या जातात,
खिडकीपासून समोरच्या लोखंडी खांबापर्यंत.
कप्पी ओढली की कपडे करकरत पुढे सरकतात
आणि कुणाच्या घरात काय चाललंय
ते खालच्या नाझिब्रोलाला कपड्यांवरून कळतं.
माझ्या दोरीवर सप्टेंबरपासून दोन उशांचे अभ्रे असतात.
तिनं मोजलेत.

मुर्मान, तू कप्पी दुरुस्त करायला आला होतास.
खिशात ग्रीसची डबी, पेपरात बांधलेले ताजे अक्रोड,
हिरवी सालं सोलून काळी पडलेली बोटं.

वाक्य मी तयार ठेवलं होतं.
तीन आठवडे म्हणून पाहत होते,
दुकानातल्या फ्रीजला, चीजच्या गोल गड्ड्यांना.
शेवटच्या शब्दाशी आले
की गिऱ्हाईक यायचं.

तू शिडीवर होतास, पाठमोरा.
म्हणून जमलं असेल.

"माझ्या रक्तात एचआयव्ही आहे, मुर्मान.
सात वर्षं झाली.
रात्री नऊला घेते ती गोळी रक्तदाबाची नाही."

कप्पी थांबली.
चादर अर्ध्या वाटेत होती.

मग मी भराभर बोलत सुटले,
एतेरी डॉक्टर बोलते तसं:
विषाणू आता मोजायलाही सापडत नाही,
असा सापडेनासा राहिला
की जवळ येण्यातून दुसऱ्याला जात नाही,
आणि तरी आपण दर वेळी काळजी घेतली.
तू म्हणाला होतास, बावन्नाव्या वर्षी
काय पाळणा हलणार आहे का,
आणि मी हसले होते.
तेवढं हसणं खोटं होतं.

तू उतरलास. विचारलंस, "कोण होता?"
बघ, आधी हेच.

"नवरा. त्यानं सांगितलं नाही.
तो गेल्यावर दवाखान्याच्या कागदावर वाचलं,
उभ्यानं, रांगेत."

"मला लागलं असेल?"
"नाही. पण तपासून ये.
माझ्या शब्दावर राहू नकोस."

लागणं. केवढा राबणारा शब्द.
भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो,
उचकी लागते,
जिन्यात तुझे पाय वाजले
की घरात बसल्या बसल्या मला धाप लागते.
यातल्या एकावरही गोळी नाही.

तू हात धुतलेस. खूप वेळ.
मी बघत राहिले,
हे माझ्यामुळे की अक्रोडामुळे?
तो डाग साबणानं जात नाही
हे तुला माझ्याहून जास्त ठाऊक.
"शिडी राहू दे," म्हणालास
आणि गेलास.
प्रत्येक मजल्यावर थांबलास,
किंवा मला तसं ऐकायचं होतं.

चार दिवस चादर तिथेच, भिजत, वाळत, भिजत.
नाझिब्रोलानं खालून हाक मारली,
"जिवंत आहेस ना गं?"
"कप्पी अडकलीय," मी म्हटलं.

पाचव्या रात्री, नऊ वाजता, मिस्ड कॉल.
तू खाली आलास की असाच द्यायचास,
मी सुतळीला किल्ली बांधून सोडायचे.
बांधली. वाकून पाहिलं.
ओलं अंगण, एक मांजर,
कुणाच्या तरी टीव्हीचा निळा उजेड.
सहाव्या रात्रीही. बरोबर नऊ. एकच घंटी.
सातव्याही.

आता मी किल्ली बांधत नाही.
फोन वाजून गप्प झाला की गोळी घेते,
वर पाणी पिते,
आणि तू ठेवलीस तिथेच उभ्या असलेल्या शिडीला
वळसा घालून
झोपायला जाते.